चुरी डॉक्टरांचा पांढरा डबा

चुरी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर मी आजपर्यंत एक गोळी विकलेली नाही. पालघर स्टेशनजवळ माझं मेडिकल, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर त्यांचा दातांचा दवाखाना. लोकांना वाटतं, काय नशीब काढलंय गड्याने! वरून पेशंट उतरणार आणि खाली औषधं घेणार. पेशंट उतरतात खरे, हातात चिठ्ठीही असते. मी चष्मा लावून वाचतो. तिच्यावर लिहिलेलं असतं: 'भात. दही. नारळाचं दूध. उकडलेला बटाटा. हळद नाही, चहा नाही, मसाला नाही. दोन दिवस.' खाली सही आणि शिक्का.

"ह्यातलं काय आहे तुमच्याकडे?" पेशंट विचारतो.

"शिक्का ओळखीचा आहे," मी म्हणतो.

दातांचा डॉक्टर म्हणजे उपटणारा, कोरणारा, निदान टोचणारा तरी माणूस अशी माझी समजूत होती. चुरी डॉक्टरांनी उपटाउपटी केव्हाच सोडली. दाढ दुखत असली की ते पेशंटला रस्त्यापलीकडच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवतात. स्वतः बघतात फक्त डाग. तरण्या पोरापोरींच्या पुढच्या दातांवर असतात ते. कुणाचे खडूसारखे पांढरे, कुणाचे तपकिरी. कॉलेजातली मुलं येतात, तारापूरच्या कारखान्यांत नुकती चिकटलेली येतात. बहुतेकांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की दात तासा आणि वर टोप्या बसवा. हे ऐकलं की डॉक्टरांचा पारा चढतो.

"डाग केवढा? पापुद्र्याएवढा. आणि त्याच्यासाठी चांगला दात तासायचा? शर्टावर शाई सांडली म्हणून बाही कापता का तुम्ही? हात कमी लावायचा!"

'हात कमी लावायचा' हे त्यांचं ब्रीद. ते दातांपुरतं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण डॉक्टरांच्या घरात भिंतीला एक खिळा नाही. कॅलेंडर खिडकीच्या कडीला बांधलेलं, घड्याळ टेबलावर आडवं. भिंतीला कशाला दुखवायचं, म्हणे. न्हाव्याकडे जातात तेव्हा त्याला इतक्या सूचना देतात की हे खुर्चीतून उठले की न्हावी बिचारा आम्हालाच विचारतो, "कापले का हो मी?" इमारतीची गच्ची गळायला लागली तेव्हा आम्ही सगळी गच्ची करून घ्यायचं ठरवलं. डॉक्टर सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "जिथं गळतं तेवढंच करा." तेवढंच केलं. मग पावसाने पण हात कमी लावला, गळकी जागा सोडून शेजारून आला.

दातांच्या बाबतीत मात्र त्यांचं ऐकावं. मी एकदा वर बसून बघितलंय. दातांभोवती रबराचा पातळ पडदा ताणायचा, म्हणजे हिरडी झाकली जाते. मग कसलीशी बारीक रवाळ पेस्ट घेऊन डागावर अगदी हलक्या हाताने घासायचं, धुवायचं, बघायचं. पुन्हा थोडंसं. डाग खोल असला तर पाण्यासारखा एक चिकट थेंब दातात मुरवायचा आणि निळ्या दिव्याने घट्ट करायचा. टोचणं नाही, कोरणं नाही. डाग हळूहळू आजूबाजूच्या दातात मिसळून जातो. आणि हे सगळं चालू असताना डॉक्टर एकसारखे बोलत असतात, कारण समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि त्याला उत्तर देता येत नाही. ऐकून घेणारं माणूस त्यांना एरवी मिळतं कुठे?

जवळजवळ प्रत्येक मूल त्यांना एकच विचारतं, "माझं काय चुकलं? मी तर रोज दात घासते."

"तुझं काय नाय चुकलं. हा दात हिरडीच्या आत बनत होता तेव्हाच डाग पडला. तू तेव्हा दुधाच्या दातांनी बिस्किटं खात होतीस." हे सांगताना मात्र त्यांचा आवाज इतका मऊ होतो की खुर्चीतली पोर रडायलाच लागते.

मग सुरू होतात ते दोन दिवस. डॉक्टरांचं म्हणणं, ह्या कामानंतर दात तहानलेला असतो, समोर येईल तो रंग पितो. म्हणून दोन दिवस पांढरं जेवायचं. एवढं सांगून दुसरा कुणीही डॉक्टर गप्प बसला असता. चुरी डॉक्टर डबा देतात. स्वतः रांधलेला. भात, फोडणी नसलेलं पांढऱ्या उडदाचं वरण, मिठाचा बटाटा, दही. आणि दुपारी एक वाजता पेशंटला व्हिडिओ कॉल करतात. "ताट दाखव!" पेशंट ताट दाखवतो. डॉक्टर पाण्याच्या ग्लासाला फोन टेकवून समोर बसलेले असतात, त्यांच्याही ताटात तेच. मग तिकडे तो जेवतो आणि इकडे हे. सालवडला राहणारा, कंपनीत कामाला असलेला एक उत्तरेकडचा पोरगा एकदा माझ्या काउंटरवर डोकं टेकून म्हणाला होता, "अंकल, दो दिन बिना हल्दी का खाना! और डॉक्टर साब सामने बैठ के देखते हैं!"

मी ह्याला शिस्त समजत होतो. म्हातारा कडक आहे, म्हणायचो मी.

डॉक्टर एकटेच राहतात, दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत. मूळचे केळवे-माहीमकडचे, तिकडे अजून नारळाची वाडी आहे. वहिनी गेल्या त्याला सहा वर्षं झाली. मुलगा कॅनडात. तो जेवायला बसतो तेव्हा आपल्याकडे लोक झोपलेले असतात, त्यामुळे बापलेकांचं बोलणं होतं ते एकाच्या जांभया आणि दुसऱ्याची घाई अशा बेतात होतं. वहिनींबद्दल डॉक्टर कधी बोलत नाहीत. मीही विचारत नाही. हात कमी लावायचा, हे मी निदान तेवढ्यापुरतं पाळत आलो.

तर अशा ह्या माणसाकडे गेल्या हिवाळ्यात हर्षल तांडेल आला. दातिवऱ्याचा. दातांचा पेशंट दातिवऱ्याहून आला ह्यात माझा काही हात नाही, गावाचं नाव तेच आहे. घरची बोट, स्वतः समुद्रावर जाणारा, खांदे कपाटाएवढे. आणि तोंड शिवल्यासारखं बंद. पुढच्या चार दातांवर तपकिरी पट्टे होते, ते दिसू नयेत म्हणून पोराने लहानपणापासून हसणंच टाकलं होतं. लग्न ठरलं होतं डहाणूकडच्या ऋतुजाशी. साखरपुड्याच्या फोटोत ती सगळीकडे हसतेय, आणि शेजारी हा कडू काढा प्यायल्यासारखा उभा. तिच्या वडिलांनी मध्यस्थाला विचारलं, "मुलावर जबरदस्ती तर नाही ना?" ऋतुजा फोन करायची, हा "हं" म्हणायचा. व्हिडिओ लावला की ह्याचा कॅमेरा नेमका बिघडायचा. शेवटी तिने सांगून टाकलं, "मांडवात तरी तोंड उघडून हस. नाही हसलास तर मी समजेन मी तुला नको आहे."

"मना ती पायजे हाय, डॉक्टर," हर्षल खुर्चीत बसून म्हणाला. "पन तिला सांगू कसा?"

"सांगू नको. हस," डॉक्टर म्हणाले.

काम लग्नाच्या पंधरवडाभर आधी उरकायचं ठरलं होतं. दोन खेपा झाल्या, तपकिरी रंग बराच उतरला. मग मासळी चांगली लागली म्हणून बोट बाहेरच राहिली आणि नवरदेव समुद्रात. तो उगवला लग्नाच्या आदल्या शुक्रवारी. शनिवारी हळद, रविवारी लग्न. डॉक्टरांनी शेवटची खेप त्या संध्याकाळी केली आणि आरसा हातात दिला. मीही वर गेलो होतो. हर्षलने आरशात बघून दात विचकले. मग उगाच हसून बघितलं. मग माझ्याकडे वळून हसला, आणि मी काही एक कारण नसताना परत हसलो.

"आता दोन दिवस पांढरं," डॉक्टर म्हणाले. "हळद अंगाला कितीपण लाव. तोंडात नको."

हर्षलचं हसणं मावळलं. हळदीच्या दिवशी त्यांच्याकडे मटणाचा तांबडा रस्सा असतो, अख्खं गाव जेवतं. पण पोरगा शब्दाला पक्का. "डबा न्यायला मी नाय येनार," तो एवढंच म्हणाला. हळद लागलेल्या नवऱ्याने गावाची वेस ओलांडायची नसते.

"मी आणतो," डॉक्टर म्हणाले.

मी आणतो म्हणजे माझ्या स्कूटरवरून आणतो. शनिवारी सकाळी बायकोला दुकानात बसवून मी निघालो. मागे डॉक्टर, मध्ये चार पुडांचा डबा. सफाळ्यापर्यंत डॉक्टरांनी मला सत्तावीस वेळा तरी "हळू" म्हटलं असेल. पुढे सुरूची झाडं आणि सुकत टाकलेल्या बोंबलांचा वास सुरू झाला, तेव्हा ते जरा खुलले. "वरणात आज जिरं घालणार होतो," मागून म्हणाले. "पण जिरं काळं. नको म्हटलं."

मांडवात हळदीची गाणी चालली होती. हर्षल पाटावर, पायापासून कपाळापर्यंत पिवळा, ओठ मात्र आत ओढून घट्ट मिटलेले. बायका हळद लावायला आल्या की तो मान मागे घेई, आणि त्या आणखी चेकाळत. त्याची आत्या चंद्राबाई सगळ्यांवर हुकूम सोडत होती. तिला मी ओळखत होतो. पालघरच्या बाजारात मासळी विकते, आणि तिच्याशी घासाघीस करायची माझी कधी छाती झालेली नाही.

डॉक्टर सरळ पाटाजवळ गेले आणि डबा उघडला. एकेक पूड काढून मांडलं. भात. बिनफोडणीचं वरण. बटाटा. दही.

आत्या वाकली, बघितलं, वास घेतला. आणि तिचा चेहरा पालटला.

"फोडनी नाय," ती म्हणाली. "हळद नाय. डॉक्टर, ह्यो सुतकाचा डबा हाय!"

गाणी थांबली. मी डब्याकडे बघितलं. खरंच होतं. माणूस गेल्यावर घरात जे शिजतं तेच होतं ते. हळद नाही, फोडणी नाही, चुर्रर्र आवाज नाही. इतकी वर्षं डोळ्यांसमोरून हे डबे जात होते आणि मला ते कधी दिसलं नाही, कारण दवाखान्यातली गोष्ट आपण पथ्य म्हणूनच बघतो. आता हळदीच्या मांडवात, पिवळ्याधमक नवऱ्यासमोर, ते लपणार कुठे? एक म्हातारी "देवा रे" म्हणाली. कुणीतरी पोराबाळांना मागे ओढलं. उद्या मुलीकडच्यांच्या कानावर गेलं असतं तर एवढंही लग्न मोडायला पुरलं असतं.

"आत्या, माझ्या दातांसाठी हाय ते," हर्षल ओठ न उघडता म्हणाला.

"तू गप. डॉक्टर, हे रांदलं कुनी?"

"मी."

"घरात बाई नाय?"

"होती. सहा वर्षांमागं गेली."

"मग सुतक तवाच फिटलं ना? तुमी अजून असंच जेवता?"

डॉक्टरांनी पुडाचं झाकण हातात फिरवलं. मला वाटलं, आता दात किती तहानलेला असतो ते सांगतील. पण त्यांनी ते सांगितलं नाही.

"मला एवढंच येतं," ते म्हणाले. "ती होती तोवर मी चहासुद्धा केला नव्हता. गेली तेव्हा माहीमहून माझी चुलतबहीण आली, दहा दिवस राहिली. तिनं भात शिकवला, वरण शिकवलं. सुतकात करतात तसं. मग तिची सून बाळंत व्हायची होती, ती गेली. फोडणीचं शिकायचं राहून गेलं."

"सहा वरसात कुनाला इचारलं नाय?"

"एवढ्यासाठी कुणाला त्रास द्यायचा?"

माझी मान खाली गेली. मी त्यांच्या अगदी खाली, दुकानाच्या मागेच राहतो. माझ्या घरातली फोडणी रोज जिन्याने वर जात असणार.

"पोरांना दोन दिवस हे खायला लागतं, ते खरं आहे," डॉक्टर पुढे म्हणाले, जरा शरमल्यासारखे. "पण डबा मी माझ्या हौसेनं देतो. तेवढे दोन दिवस दुसऱ्या कुणाच्या ताटात माझंच जेवण असतं."

आत्या कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मग आत गेली आणि साखरेचा डबा नि नारळाचं दूध घेऊन आली. भातावर तिने ते दूध ओतलं, मूठभर साखर घातली, कालवलं.

"आता बोला," ती सगळ्या मांडवाला म्हणाली. "गोड पडलं. खीर पन पांढरीच असती का नाय? ह्याला कोन सुतक म्हनतो ते बघते मी." तिला म्हणणार कोण? म्हातारीनेच पहिल्यांदा "गोडाचं हाय, गोडाचं हाय" सुरू केलं आणि गाणी पुन्हा लागली.

हर्षल खायला लागला. आत्याने मग चुलीवर पळीत तेल तापवलं, मोहरी, लसूण, हळद टाकली आणि कडकडीत फोडणी घेऊन डॉक्टरांसमोर आली. त्यांच्या ताटात भात नि वरण वाढलेलं होतं. "तुमचा दुखवटा काडायला कुनी आलं नाय. आज मी काडते."

डॉक्टरांनी पटकन ताटावर हात धरला. तेलाचा एक थेंब हातावर उडालाही.

"नको," ते म्हणाले. "ह्याचे दोन दिवस होऊ देत. त्याला मध्येच एकटं टाकून मी पिवळं कसं जेवू?"

आत्या पळी तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. "मग उद्या सांजेला या," ती म्हणाली, आणि तिने ती फोडणी मटणाच्या टोपात ओतली. डॉक्टर हर्षलच्या पाटाला लागून खाली बसले. साऱ्या गावाने तांबडा रस्सा ओरपला, आणि ते दोघे शेजारी शेजारी पांढरं जेवले.

रविवारी लग्न लागलं. अंतरपाट बाजूला झाला आणि ऋतुजाने वर बघितलं. हर्षल हसला. असा हसला की भटजी पुढचा मंत्र विसरले. ऋतुजा आधी थबकली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हार हातात धरून तीही हसत सुटली. तिचे वडील मध्यस्थाच्या पाठीवर थापा मारत होते. डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "डावीकडचा सुळा अजून जरासा..." आणि स्वतःच थांबले. "नको. पुरे."

संध्याकाळी वरात घरी आली, लग्नासाठी बोटींवर लावलेले बावटे काढायला मुलं किनाऱ्यावर गेली, मांडव रिकामा झाला. आत्या चुलीपाशी आमची वाट बघत बसली होती. तिने डॉक्टरांना जवळ बसवलं. तेल किती, मोहरी केव्हा, लसूण कधी, एकेक करून दाखवलं. मोहरी तडतडली तेव्हा डॉक्टर दचकून मागे सरले आणि आत्या खो खो हसली. फोडणी भातावर पडली. भात पिवळा झाला.

डॉक्टरांनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. मला वाटलं तिखट लागलं असेल, मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"सुमनच्यात लसूण जास्त असायचा," ते म्हणाले.

सहा वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. आत्याने पाटा पुढे ओढला आणि आणखी लसूण ठेचायला घेतला.